बायको पेगन, मी हिंदू. मुलाला सगळेच धर्म दाखवले तर त्याचा गोंधळ होईल का?

तुम्ही लिहिलंय की बायको इंग्लिश, विक्कन (निसर्गाला आणि जुन्या देवदेवतांना मानणाऱ्या पेगन लोकांतला एक पंथ) आहे, तुम्ही मराठी, मुलगा सहा वर्षांचा, शाळा चर्चची, आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा मागे लागलेत की पोराला एक काय ते ठरवून द्या नाहीतर त्याचा गोंधळ होईल. नाही होत. गोंधळ मोठ्यांचा होतो आणि खपवला जातो पोरांच्या नावावर. हे मी ऐकीव सांगत नाहीये, माझा नवरा ड्रुइड आहे, म्हणजे पेगनच, पण वेगळ्या पंथाचा, आम्ही इंग्लंडमध्ये सॉमरसेटला राहतो, लेक आता सोळाची आहे.

पेगन म्हटलं की आपल्याकडचे लोक थेट करणी-भानामतीवर जातात, त्यावर मी वेळ घालवणार नाही. पेगन लोकांचे वर्षाचे आठ सण तुमच्याही घरी होतच असणार. आणि बायकोने तुम्हाला सांगितलंच असेल की विक्कन लोक सहसा अठराच्या आतल्या कुणाला कोव्हनमध्ये (त्यांच्या छोट्या गटात) दीक्षा देत नाहीत. आमच्या लेकीचं बारसं दोनदा झालं, एकदा सांगलीला पाळण्यात घालून, गोविंद घ्या गोपाळ घ्या करून, आणि एकदा इथे ओकच्या झाडाखाली नवऱ्याच्या मित्रमंडळींत. तिथे सगळ्यांसमोर स्वच्छ सांगितलं की हा फक्त आशीर्वाद आहे, पोरीवर कसलंही बंधन नाही, मोठी झाली की तिचं ती ठरवेल. म्हणजे पोरांना मोकळं सोडणं ही आम्ही काढलेली टूम नाही, त्यांच्या रीतीतच ते आहे.

खरी परीक्षा पुढे असते. ती सांगते, थोडं लांबेल.

लेक बारा-तेराची असताना माझा थोरला भाऊ आणि वहिनी दिवाळीला आमच्याकडे आले होते. त्या वर्षी दिवाळी आणि साविन (Samhain, पेगन लोकांचा गेलेल्यांच्या आठवणीचा सण) एकाच आठवड्यात. ३१ ऑक्टोबरच्या रात्री आमच्याकडे गेलेल्या माणसांसाठी पान वाढतात आणि सगळे न बोलता जेवतात, तुमच्याकडे पण करत असतील. नवऱ्याने त्याच्या आजीसाठी चेडर आणि लोणच्याचं सँडविच ठेवलं, तिला तेच लागायचं. मी आमच्या अण्णांसाठी ब्रिस्टलहून ज्वारीचं पीठ आणून भाकरी थापली, पिठलं, लसणीची चटणी, आणि वाटीत गूळ-शेंगदाणे कारण त्याशिवाय त्यांचं जेवण संपायचं नाही. दोन्ही फोटो शेजारी शेजारी, मध्ये मेणबत्ती. दादा दारातूनच म्हणाला की अण्णांचं श्राद्ध मी पंधरवड्यात तिथीला रीतसर केलंय, आता हे भुताखेतांच्या रात्री त्यांना कशाला बोलावताय. तो बसला नाही. वहिनी मात्र डोक्यावर पदर घेऊन बसली आणि मुकाट्याने जेवली, तिला काही समजावून सांगावं लागलं नाही, गेलेल्यांचं पान आयुष्यभर तीच रांधत आली होती. नंतर नवऱ्याने दोन्ही पानं उचलून बागेतल्या सफरचंदाच्या झाडाखाली नेऊन ठेवली, नेहमीसारखी.

इथवर ठीक होतं. तोंड उघडायची परवानगी मिळाल्यावर लेक म्हणाली, मामा, रविवारी चर्चमध्ये अण्णा आजोबांचं नाव वाचणार आहेत, मी यादीत लिहिलंय, तू येशील? ती तेव्हा गावातल्या चर्चच्या कॉयरमध्ये गायची (अजूनही गाते), आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला ऑल सोल्सला तिथे गेलेल्यांची नावं मोठ्याने वाचतात, कुणीही नाव देऊ शकतं. मलाही माहीत नव्हतं तिने दिलंय ते. दादाचा तर भडकाच उडाला. अण्णांचं नाव? पाद्री वाचणार?

आणि नवराही गप्प झाला, हे जास्त महत्त्वाचं आहे म्हणून लिहितेय. तो कडक चर्चवाल्या घरातला, सतराव्या वर्षी बापाशी भांडून त्यातून बाहेर पडलेला, आणि आता त्याच्या बागेत वाढलेली पोर आपण होऊन तिकडे जातेय. कॉयर वेगळं, गाणं म्हणून चालून जात होतं. इथे ती प्रार्थना मागत होती. तो भांडी घासायला उठला आणि बराच वेळ नुसतं पाणी सोडून उभा राहिला. पण तिला एका शब्दाने बोलला नाही, आणि रविवारी आला. मागच्या बाकामागे उभा राहिला, बसला नाही, पण आला. लेकीने कागदावर नाव तोडून तोडून, कुठे जोर द्यायचा ते रेघा मारून लिहून दिलं होतं, तरी वाचणारे अडखळलेच, पण पूर्ण वाचलं. वहिनीने हात जोडले. दादा घरी थांबला.

त्या रात्री तो मला म्हणाला, एक ना धड भाराभर चिंध्या. पोरीला धड हिंदू ठेवली नाहीस, धड ख्रिश्चन नाही, धड त्या झाडपाल्यावाल्यांचीही नाही.

हे वाक्य मला अजून टोचतं, आणि तुमचा प्रश्न वाचून पुन्हा टोचलं, म्हणून एवढं लिहितेय. कारण मी एकाच धर्माच्या घरात वाढले, तिथे कसलाच गोंधळ नव्हता, सगळं ठरलेलं होतं. अण्णा गेले तेव्हा मी मिळेल त्या विमानाने आले आणि दहाव्याला मला सांगण्यात आलं की बायका घाटावर येत नाहीत. कावळा शिवत नव्हता म्हणे. मग दादा म्हणाला, धाकटीची काळजी करू नका, मी आहे, तेव्हा शिवला. हे मला घरी बसून नंतर कळलं. काळजी माझी, बाप माझा, आणि मी घरात. अण्णांना स्वतःच्या हाताने पान वाढायला मला पहिल्यांदा मिळालं ते ड्रुइड नवऱ्याच्या टेबलावर, आणि त्यांचं नाव चारचौघांत घेतलं गेलेलं मी पहिल्यांदा ऐकलं ते चर्चमध्ये, माझ्या पोरीमुळे. कुणाला याला चिंध्या म्हणायचंय तर म्हणू दे. तिला आपल्या आजोबांसाठी काय करता येतं ते तीन ठिकाणचं माहीत होतं आणि तिने त्यातलं जमेल ते केलं. यात गोंधळ मला कुठे दिसत नाही.

तर तुमच्यासाठी. मुलाला काय दाखवायचं हा प्रश्न सोपा आहे, सगळं दाखवा. ग्लास्टनबरीला घेऊन जा, एकाच लहानशा गावात ॲबीचे (जुन्या ख्रिस्ती मठाचे) अवशेष आहेत, चॅलिस वेल ही पवित्र मानलेली विहीर आहे, पेगन लोकांचं देवीचं मंदिर आहे, टॉर नावाची टेकडी आहे, मेमध्ये बेल्टेन या पेगन सणाची मिरवणूक निघते आणि उन्हाळ्यात त्याच ॲबीत चर्चवाल्यांची यात्रा भरते. २१ जूनच्या पहाटे स्टोनहेंज दाखवा, २००० सालापासून ते त्या रात्री सगळ्यांना मोफत खुलं असतं. गणपतीला देशात न्या. पण त्याआधी बायकोशी बसून एक ठरवा, हा बारा वर्षांचा झाल्यावर म्हणाला की मला बाप्तिस्मा घ्यायचाय, किंवा मला देवच मानायचा नाही, तर तुम्ही दोघं काय कराल? याचं उत्तर नसेल तर मोकळेपणा वगैरे शब्द वापरू नका. आपल्याला आवडेल तेच निवडायची मोकळीक पोराला लगेच ओळखू येते.

शाळेबद्दल विचारलंय. इंग्लंडमध्ये आरईच्या (धर्मशिक्षणाच्या) तासातून आणि रोजच्या प्रार्थनेतून मुलाला काढून घ्यायचा पालकांना कायद्याने हक्क आहे, चर्चच्या शाळेतही. माझं मत, काढू नका. तेवढाच तास तो लायब्ररीत एकटा बसेल आणि त्याला शिक्षा वाटेल. त्यापेक्षा शिक्षकांना भेटून घरी काय असतं ते सांगा. कॉर्नवॉलमध्ये २०१२ पासून आरईच्या अभ्यासक्रमात पेगन धर्मही आहे, त्यामुळे नाव काढलं तर कुणी दचकत नाही. फॉर्मवर काय लिहायचं, तर आम्ही रकाना कोरा ठेवत आलो, चालतं.

एक मात्र आहे, आणि हे आधी लिहायला हवं होतं. सगळ्या पेगन घरांना इतकं उघडपणे वागणं जमत नाही आणि त्यांना नावं ठेवू नका. १९९०-९१ ला रॉचडेल आणि ऑर्कनीला सैतानपूजेच्या संशयावरून सोशल सर्व्हिसेसने मुलं घरातून उचलून नेली होती, ऑर्कनीला तर पहाटे. आरोप टिकले नाहीत, १९९४ च्या सरकारी अहवालातही सैतानी पंथाचा पुरावा मिळाला नाही, पण त्या काळात पोरं वाढवलेले नवऱ्याचे मित्र आजही पाहुणे यायचे म्हटलं की पूजेचं सामान कपाटात टाकतात. तुमच्या सासरची मंडळी शाळेत सांगायला घाबरत असतील तर कारण हे असू शकतं, त्यांना वेळ द्या. शिवाय आमचं गाव ग्लास्टनबरीजवळचं, इथे कुणाला काही वाटत नाही. तुम्ही कुठे आहात माहीत नाही.

आणि तुमच्या आई-बाबांसाठी. गोंधळाची भीती ते घालतायत, पण आतून बहुतेक त्यांना एवढंच विचारायचं असतं की आम्ही गेल्यावर हा आमचं काही करेल का. सरळ बोला त्यांच्याशी. पुढच्या पंधरवड्यात मुलाला शेजारी बसवून तर्पण करा, बायकोलाही बसवा. पुढे मुलगी झाली तर तिलाही घाटावर न्या. गुरुजी नाही म्हणाले तर दुसरे शोधा, पुण्यात ज्ञानप्रबोधिनीसारख्या ठिकाणी शिकलेल्या बायका स्वतः पौरोहित्य करतात, त्यालाही आता कित्येक वर्षं झाली. हे मी दादालाही सांगितलंय.