सासऱ्यांची विंचेस्टर आणि दिरांचं बफिंग

प्रश्न : माझे सासरे नुकतेच वारले. मोंटानातल्या त्यांच्या घरात विंचेस्टर कंपनीची १८९४ मॉडेलची रायफल निघाली. नळी अष्टकोनी, सीरियल नंबर एकसष्ट हजारांच्या घरातला. नळीवर '.३० डब्ल्यूसीएफ' हे काडतुसाचं माप आणि निकेल स्टीलबद्दल एक ओळ कोरलेली आहे. रिसीव्हरजवळ, म्हणजे नळी जिथे बसते त्या मधल्या सांगाड्याजवळ, नळीवर एक बारीकसा लंबगोल ठसा आहे, रिसीव्हरवर मात्र तसा नाही. लोखंड तपकिरी पडलंय, दस्ता काळवंडलाय. सासरे सांगायचे, ही त्यांच्या आजोबांनी नवी कोरी घेतली, तेव्हापासून कुणी हात लावलेला नाही. दीर म्हणतात, विकण्याआधी बफ करून, म्हणजे घासून चकचकीत करून, नवं ब्ल्यूइंग (लोखंडावरचा निळा-काळा रंग) चढवू, भाव दुप्पट येईल. करावं का?

उत्तर : ताई, आधी दिरांना थांबवा, मग पुढचं वाचा.

त्याहीआधी एक. लिव्हर, म्हणजे चापाजवळची काडतूस भरायची दांडी, चार वेळा मागेपुढे केली, काही बाहेर पडलं नाही, एवढ्यावर रायफल रिकामी समजू नका. नळीखालच्या मॅगझिनमधली स्प्रिंग मेली असेल किंवा आत जुन्या तेलाचा चिकटा धरला असेल, तर एखादं काडतूस मधेच अडकून बसतं आणि कधीतरी हलवाहलवीत खाली उतरतं. गनस्मिथकडून मॅगझिन उघडून रिकामं असल्याची खात्री करून घ्या. तोवर नळी माणसांकडे नको.

आता बफिंग. अमेरिकेत जुन्या बंदुकींची प्रत ठरवताना नॅशनल रायफल असोसिएशनची मोजपट्टी वापरतात. सगळे भाग मूळचे आणि मूळ रंग ३० टक्क्यांहून जास्त शिल्लक असेल तर 'फाइन'. भाग मूळचेच, पण रंग ३० टक्क्यांपासून थेट शून्यापर्यंत कितीही उतरलेला असेल तरी 'व्हेरी गुड'. आणि घासून पुन्हा ब्ल्यूइंग केलेली रायफल? ती 'गुड'मध्ये, म्हणजे एक पायरी खाली. म्हणजे तुमची तपकिरी, कळकट रायफल आज ज्या प्रतीत बसू शकते, तिथून पैसे खर्चून तिला खाली ढकलायचा हा बेत आहे.

आणि असलं काम लपत नाही. अष्टकोनी नळीच्या कडांवरून बोट फिरवा. मूळ नळीची कड बोटाला टोचल्यासारखी लागते, बफ केलेली गुळगुळीत. स्क्रूच्या भोकांभोवती लोखंड बशीसारखं खोलगट होतं. अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात आणि गंजाच्या खड्ड्यांच्या तळाशी निळा रंग चमकतो. खड्डा आधी पडला, रंग नंतर चढला, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. लाकडाचंही तसंच. कारखान्यातून आलेला दस्ता लोखंडाला भिडतो तिथे किंचित वर राहतो. तो लोखंडाच्या खाली गेला असेल तर कुणीतरी सॅंडपेपर फिरवलेला आहे. तुमचा काळवंडलेला दस्ता मला म्हणूनच आवडला. कोरड्या मऊ फडक्याने धूळ झटका, लोखंडावर पातळ तेलाचा हात फिरवा आणि बस. स्टील वूल नको, व्हार्निश तर मुळीच नको.

पण खरी गोम तुम्ही पत्रात जाता जाता लिहिली आहे, तो लंबगोल ठसा. भिंग घेऊन बघा. आत 'डब्ल्यू' आणि 'पी' एकात एक गुंफलेले असतील तर तो विंचेस्टरचा चाचणीचा शिक्का. तो १९०५ पासून मारायला लागले. तुमच्या नंबरची रायफल त्याच्या बरीच आधीची, १८९८ च्या आतली. म्हणजे ही नळी नंतर बसलेली दिसते. रायफल कारखान्यात परत जाऊन नळी बदलली असती, तर शिक्का रिसीव्हरवरही पडायला हवा होता. लंबगोलात नुसता 'पी' असेल तर उलगडा आणखी सोपा : सुटी नळी टपालाने मागवून बाहेरच कुणीतरी बसवली.

.३० डब्ल्यूसीएफ, म्हणजे आजची .३०-३०, या मॉडेलमध्ये १८९५ ला आली. त्यामुळे तुमच्या नंबरला ती चुकीची नाही. पण पहिल्यापासून मिळणाऱ्या .३८-५५ किंवा .३२-४० ची नळी आतून खराब झाली म्हणून ही बसवली असणं अगदी शक्य आहे. त्या काळच्या काडतुसांच्या बुडातल्या, ठिणगी देणाऱ्या टोप्यांतलं मीठ नळीत राहायचं, साफ केलं नाही की गंज ठरलेला.

याचा निकाल वायोमिंग राज्यातल्या कोडी या गावी लागेल. तिथल्या फायरआर्म्स म्युझियममध्ये विंचेस्टरच्या जुन्या वह्या आहेत आणि तुमचा नंबर त्यात बसतो. फी भरून पत्र मागवा. कॅलिबर (काडतुसाचं माप), नळी गोल की अष्टकोनी, चाप साधा की खास, कारखान्यातून कधी बाहेर पडली, एवढं त्यात मिळतं. पत्रात .३० आणि अष्टकोनी असेल तर निदान जात तरी जुळली. वेगळं निघालं तर नळी बदलली हे विकताना स्पष्ट सांगा. मुख्य भाग बदललेला म्हटल्यावर प्रत 'गुड'च्याही खाली, 'फेअर'वर येते. सासऱ्यांचं म्हणणं खोटं ठरतं असं नाही, आजोबांनीच नवी नळी मागवली असेल. पण आठवणीवर लिलावात कुणी बोली लावत नाही. आजोबांच्या नावाची पावती किंवा रायफल हातात घेतलेला जुना फोटो मिळतो का, ते ट्रंकेत शोधा.

कायद्याचं थोडक्यात : अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली बंदूक 'अँटिक' ठरते. वर्ष रिसीव्हरवरून धरतात, त्यामुळे नळी बदलून फरक पडत नाही. राज्याचे नियम वेगळे असतात, ते दुसऱ्या राज्यात नेण्याआधी विचारा.

भाव मी तुमच्या पत्रावरून सांगत नाही. जाहिरातीतले मागणीचे आकडे बघू नका, लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या, याच प्रतीच्या रायफली बघा.

प्रश्न : माझ्याकडे १९६८ ची 'बफेलो बिल' स्मृती-आवृत्ती विंचेस्टर आहे, खोक्यासकट. दुर्मीळ म्हणावी का?

उत्तर : नाही. एक लाखाहून जास्त बनल्या आणि बऱ्याच जणांनी पुढे भाव येईल म्हणून खोक्यातच ठेवल्या. लिव्हर कधीच फिरवलेली नसेल आणि खोका, कागदपत्रं जागेवर असतील तरच संग्राहक विचारतो. एक गोळी झाडली की ती नुसती एक चांगली .३०-३० उरते. हरणाच्या शिकारीला न्यायची इच्छा असेल तर खुशाल न्या, फार मोठं नुकसान होणार नाही.