डाळिंबावर डाग दिसला की आधी पान उन्हाकडे धरा, मग दुकानाकडे बघा

प्रश्न : मृग बहारातला (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलवलेला) भगवा जातीचा डाळिंब आहे. पानांवर आणि फळांवर काळे डाग पडलेत. दुकानदाराच्या सांगण्यावरून कार्बेन्डाझिम, हेक्झाकोनॅझोल, मँकोझेब आलटून पालटून मारलं, मध्ये स्ट्रेप्टोसायक्लिनही दिलं. डाग थांबत नाहीत. आता कोणतं औषध घेऊ?

आता कोणतंच नाही. आधी डाग बघा. डागाळलेलं पान तोडून उन्हाकडे धरा. डागाभोवती तेल सांडल्यासारखी पाणचट कड दिसली आणि तिच्यातून उजेड आरपार आला, तर तो तेल्या. तो जिवाणूमुळे येतो. फळावर डाग वाढला की साल एल किंवा वाय अक्षरासारखी चिरते. फांदीवर पेऱ्याजवळ काळा पट्टा पडतो आणि वाऱ्यात फांदी नेमकी तिथेच मोडते. सर्कोस्पोरा किंवा कोलेटोट्रिकम या बुरशींचा डाग कोरडा असतो. त्याला तेलकट कड नसते, फळही असं चिरत नाही. पावसाळ्यात एकाच पानावर दोन्ही सापडतात. शंका असेल तर पान-फळ कागदी पिशवीत घालून कृषी विज्ञान केंद्रात किंवा सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात दाखवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नमुना सडतो, मग कुणालाच काही सांगता येत नाही.

तुमच्या वर्णनावरून हा तेल्याच वाटतो. तसं असेल तर कार्बेन्डाझिम आणि हेक्झाकोनॅझोलचे पैसे पाण्यात गेले. ही बुरशीनाशकं आहेत, जिवाणूला ती लागूच पडत नाहीत. "डबल डोस मारा, आठ दिवसांत बाग स्वच्छ" हे वाक्य मी इतक्या बागांत ऐकलंय की विचारायची सोय राहिली नाही. दुप्पट डोसाने तेल्या दुप्पट मरत नाही. पान करपतं, फूल गळतं आणि मालात औषधाचे अंश राहतात. स्ट्रेप्टोसायक्लिनचं तर नावच काढू नका. ते माणसाच्या औषधातल्या अँटिबायोटिकचं मिश्रण आहे. सारखं मारलं की जिवाणू त्याला सरावतो, आणि केंद्र सरकारनेही शेतीतला त्याचा वापर बंद करण्याच्या दिशेने पावलं टाकली आहेत. एकाच टाकीत चार पुड्या, वर टॉनिक, वर स्टिकर, असलं कॉकटेल दुकानदाराच्या गल्ल्यासाठी असतं, बागेसाठी नव्हे. पुन्हा सांगतो, डबल डोस नाही.

उभ्या पिकात एवढंच करा. चिरलेली फळं आणि रोगट फांद्या काढून बागेबाहेर जाळा, बांधावर टाकू नका. झाडं ओली असताना कात्री लावू नका. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कात्री २.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवा. फवारणी अर्धा टक्का बोर्डोची (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण), पान कोरडं असताना. ऐन फुलोऱ्यात तांबं नको, म्हणजे बोर्डोही नको.

बोर्डोबद्दल मी हट्टी आहे. एक टक्क्यासाठी १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे, प्लॅस्टिकच्या भांड्यात भिजवा. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या निवळीत ओता, उलट नको. मग विळ्याचं पातं त्यात थोडा वेळ धरा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, निवळी वाढवा. केलेलं त्याच दिवशी संपवा आणि त्यात दुसरं काही मिसळू नका. तयार बोर्डोच्या पुड्यांना ही पात्याची चाचणी मी कधीच सांगत नाही, कारण त्यांत तपासायला काही उरत नाही.

प्रश्न : मग मृग सोडून हस्त बहार (पावसाळ्याच्या शेवटचा) धरू का? आणि विम्याचं काय?

तेल्याच्या पट्ट्यात माझं उत्तर हो असंच आहे. जिवाणूला ऊब, पाऊस आणि दमट हवा लागते, आणि मृगात तिन्ही आयतं मिळतं. हस्तात अडचण एकच, पावसात ताण (फुलं यावीत म्हणून पाणी तोडणं) बसत नाही. हलक्या जमिनीत जमतं, भारी काळ्या रानात नाही. तोडणीनंतर बागेला तीन-चार महिने विश्रांती द्या, छाटणीनंतर एक टक्का बोर्डो, पानगळीनंतर पडलेला पाला गोळा करून जाळा आणि झाडाखाली हेक्टरी २५ किलो ब्लीचिंग पावडर. नवी गुटी (फांदीला मुळं फोडून केलेलं रोप) तेल्या असलेल्या बागेतून फुकट मिळाली तरी आणू नका.

विमा : फळपीक विमा हवामानावर चालतो, रोगावर नाही. तेल्याची नुकसानभरपाई त्यात मागू नका. मुदत आणि अटी कृषी सहायकाकडे.

प्रश्न : एकाच फांदीची पानं पिवळी पडून वाळतायत. दुकानदार म्हणतो, तेल्याचंच औषध चालेल.

चालणार नाही. ही मर, म्हणजे झाड वाळवणारा रोग, दिसते. वाळलेली फांदी बुंध्याजवळ आडवी कापा. लाकडात चांदणीच्या आकाराचा करडा-काळपट डाग दिसला की सेराटोसिस्टिस बुरशी समजा. खोडावर बारीक भोकं असतील तर सोबत खोडकिडा आहे. पूर्ण वाळलेलं झाड मुळासकट काढा, पण बागेतून ओढत नेऊ नका, माती सांडते. आजारी झाड आणि त्याच्या चहूबाजूंच्या झाडांना प्रोपिकोनॅझोल लिटरला २ मिली, झाडाला ८ ते १० लिटर, वीस दिवसांच्या अंतराने तीनदा आळवणी (मुळाशी ओतणं). आळवणीच्या आठवड्यातच ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी) टाकायचा सल्ला मिळाला असेल तर तो ऐकू नका. बुरशीनाशक त्यालाही मारतं. महिनाभर थांबा, मग कुजलेल्या शेणखतात मिसळून द्या, आणि तोवर ठिबकचं पाणी खोडापासून लांब सरकवा.