ॲव्हरेज ‘करणं’ आणि ॲव्हरेज ‘लावणं’

दापोलीच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. शेअर पडला की ब्रोकर म्हणतो, “ॲव्हरेज करा.” वादळात आंबा-कॅनिंगच्या शेडचे पत्रे उडाले, तेव्हा विम्याचा सर्व्हेअर म्हणाला, “ॲव्हरेज लावावं लागेल.” एकाने आणखी पैसे घालायला लावले, दुसऱ्याने मिळायचे ते कापले. मग हा शब्द एकच की दोन?

एकच, आणि तोही दर्यावरचा. बहुतेक कोशकार त्याचं मूळ अरबी ‘अवार’मध्ये शोधतात. अवार म्हणजे खोट, मालाला झालेली इजा. भूमध्य समुद्राच्या व्यापारातून तो इटालियनमध्ये ‘अवारिया’ झाला, फ्रेंचमध्ये ‘अवारी’, आणि इंग्रजांनी ‘डॅमेज’च्या धर्तीवर त्याला शेपूट जोडलं. (सरंजामी इंग्लंडमध्ये कुळांकडून घ्यायच्या वेठीलाही ‘ॲव्हरेज’च म्हणत, पण त्याचा याच्याशी संबंध नाही.)

आता खोटीचा हिशेब सरासरीवर कसा आला? तुफानात गलबत वाचवायला नाखवा काही गाठोडी पाण्यात लोटतो. ज्याचा माल गेला त्यानेच का बुडायचं? ज्यांचा वाचला त्यांनी आणि गलबताच्या मालकानेही आपापल्या ऐवजाच्या प्रमाणात झळ सोसायची. हा ऱ्होड्स बेटाचा म्हणून ओळखला जाणारा नियम सहाव्या शतकातल्या जस्टिनियनच्या रोमन कायदेसंग्रहातही आहे. पुढे इंग्रजीत या प्रमाणशीर वाटणीलाच ‘ॲव्हरेज’ म्हणू लागले आणि अठराव्या शतकात गणितातल्या सरासरीला. जुना अर्थ मेलेला नाही. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ अडकली, तेव्हा जहाजाच्या मालकाने ‘जनरल ॲव्हरेज’ जाहीर केला आणि कंटेनरवाल्यांना खर्चातला वाटा उचलायची पाळी आली.

ब्रोकरचं क्रियापद गणितातलं. १०० रुपयांना १०० शेअर घेतले, भाव ६० वर आल्यावर आणखी १०० घेतले, की खरेदीची सरासरी ८० पडते. कागदावर बरं दिसतं. पण कंपनीच बुडीत असेल तर बुडणारे पैसे दुप्पट होत नसले तरी दीडपटीच्या पुढे जातात.

सर्व्हेअरचं ॲव्हरेज जुन्या अर्थाला जवळचं. शेड २० लाखांची आणि विमा १० लाखांचाच असेल, तर उरलेल्या अर्ध्याचे विमेकरी तुम्ही स्वतःच, असं पॉलिसीतल्या अटीप्रमाणे धरतात. नुकसान ४ लाखांचं झालं तर हातात २ लाखच येतात. म्हणजे वाटणी इथेही आहे, फक्त झळ सोसणाऱ्या दोघांतले एक तुम्ही. म्हणून या अटीला मराठीत ‘सरासरीची अट’ म्हणणं मला पटत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, कसली तरी बेरीज-भागाकार करून मधला आकडा काढणार आहेत. ‘प्रमाणशीर भरपाईची अट’ म्हणा, निदान कापलं का ते कळेल.

‘सरासरी’ मात्र फारसीतून आली. ‘सरासर’ म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. आपला नाखवाही तिथलाच, ‘नाखुदा’. तेव्हा इंग्रजी टाळून मराठी शब्द वापरला तरी परका शब्द टळत नाही. आणि “गाडी ॲव्हरेज किती देते?” हा प्रयोग आपल्याकडचा. इंग्रज तिथे ‘मायलेज’ म्हणतो.