राखीव पैशांतून ऑनलाइन पोकर शिकावं का?

प्रश्न : मी एडिसन, न्यू जर्सीत राहतो. वय ३४, आयटीत नोकरी, पगार वर्षाला १,४५,००० डॉलर. पत्नी सध्या घरी असते, मुलगी दोन वर्षांची आहे. घर भाड्याचं, महिन्याचा खर्च ५,८०० डॉलर. अडीअडचणीसाठी १८,००० डॉलर बाजूला ठेवले आहेत. त्यातले ५,००० घालून ऑनलाइन पोकर शिकायचा विचार आहे. रोज रात्री दोन तास देईन. वर्षभरात महिन्याला हजार डॉलर सुटायला लागावेत अशी अपेक्षा आहे. दिवाळीत तीन पत्ती खेळत आलोय, हिशेबाला पक्का आहे. ख्रिस मनीमेकरही ऑनलाइन पोकरमधूनच पुढे आला ना? पुण्याच्या धाकट्या भावालाही यात घ्यावं म्हणतो. पत्नीला अजून सांगितलेलं नाही.

उत्तर : पोकर शिकायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती पैसे कुठून काढताय आणि त्यातून काय मागताय, याला.

तुमचे १८,००० म्हणजे तीन महिन्यांचा खर्च. एकट्याच्या पगारावर चालणाऱ्या, लहान मूल असलेल्या घराला मी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायला सांगते. तुम्ही आधीच निम्म्यावर आहात. त्यातून ५,००० काढले की उरतात जेमतेम सव्वादोन महिने. आयटीत नोकरी गेली तर दुसरी मिळायला किती वेळ लागतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. या पैशाला हात लावू नका.

आता महिन्याला हजार डॉलरचं गणित मांडू. दोन टेबलांवर एकदम खेळलात तर तासाला साधारण १४० डाव होतात. महिन्याचे साठ तास धरले तर ८,४०० डाव. चांगला, अभ्यासू खेळाडू शंभर डावांमागे पाच मोठे ब्लाइंड कमावतो असं धरा. मोठा ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधीच लावावी लागणारी ठरलेली रक्कम; पाच-दहा सेंटच्या टेबलावर ती दहा सेंट. नवख्यासाठी शंभरामागे पाच हा आकडा फारच उदार आहे. म्हणजे महिन्याला ४२० ब्लाइंड. पाच-दहा सेंटच्या टेबलावर याचे होतात ४२ डॉलर, म्हणजे तासाला ७० सेंट. न्यू जर्सीत किमान वेतन तासाला १५ डॉलरच्या वर आहे. एक-दोन डॉलरच्या टेबलावर बसून तोच वेग टिकवलात, तरी महिन्याला ८४० डॉलरच होतात, हजार नाहीत. तिथे समोर बसणारे वर्षानुवर्षं हेच करत आलेले असतात.

शिवाय प्रत्येक मोठ्या पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या पैशांतून, साइट आपला हिस्सा कापते, बहुतेक ठिकाणी पाच टक्क्यांच्या आसपास, एका मर्यादेपर्यंत. पत्त्यांच्या अड्ड्यावर नाल काढतात, तोच हा प्रकार. लहान टेबलांवर तो सर्वांत जास्त बोचतो. तुम्हाला समोरच्यापेक्षा थोडं बरं खेळून भागत नाही, नाल भरून उरेल इतकं बरं खेळावं लागतं.

नशिबाचे हेलकावेही लक्षात घ्या. वर धरलेला चांगला खेळाडू दहा हजार डाव खेळला, तरी तेवढ्यानंतर तो तोट्यात असण्याची शक्यता चारात एकापेक्षा थोडी जास्तच असते. दहा हजार डाव म्हणजे तुमचे पाच आठवडे. एक लाख डाव झाले की चित्र बरंच स्पष्ट होतं, पण त्याला तुमचं जवळजवळ वर्ष जाईल. पहिल्या महिन्यात तुम्ही जिंकलात, तर त्यावरून तुम्ही चांगले खेळता असं ठरत नाही. हरलात तर वाईट खेळता असंही नाही. माणूस नेमका या पहिल्या महिन्यावरूनच मोठे निर्णय घेतो. तुम्ही पत्रात ख्रिस मनीमेकरचा दाखला दिला आहे. २००३ साली शंभर डॉलरच्या आतल्या ऑनलाइन स्पर्धेतून तो पोकरच्या वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत गेला आणि २५ लाख डॉलर जिंकला, हे खरं आहे. त्या स्पर्धेत आठशेहून अधिक जण बसले होते. बाकीच्यांपैकी किती जणांची नावं तुम्हाला आठवतात?

कराचा मुद्दा मी सर्वांत महत्त्वाचा मानते, आणि नवख्या खेळाडूंना तो कुणी सांगत नाही. अमेरिकेत जिंकलेल्या बैठकांची बेरीज उत्पन्नात दाखवावी लागते. हरलेल्या बैठकांची वजावट मिळते, पण फक्त खर्चांची यादी करून वजावट घेणाऱ्यांना. तुम्ही भाड्याने राहता, गृहकर्जाचं व्याज नाही, मालमत्ता कर नाही. म्हणजे तुम्ही प्रमाणित वजावट घेत असणार. समजा वर्षभरात जिंकलेल्या बैठकांचे ६,००० आणि हरलेल्यांचे ७,००० झाले. खिशातून हजार गेले. तरी केंद्राचा कर भरायचा पूर्ण ६,००० वर. तुमच्या २२ टक्क्यांच्या टप्प्यात ते होतात १,३२० डॉलर. हजार हरून वर तेराशे कर! यादी करणाऱ्यांनाही २०२६ पासून तोट्याच्या ९० टक्केच वजावट मिळते. न्यू जर्सीच्या राज्य करात मात्र त्याच वर्षाचा तोटा जिंकलेल्यातून वळता करता येतो, तेवढा दिलासा आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवा : तारीख, वेळ, टेबल, किती घेऊन बसलो, किती घेऊन उठलो. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते. त्यांच्या वहीत फक्त जिंकलेल्या रात्री होत्या. बँकेच्या पानावर मात्र रात्री ११.४० ला ५०, ११.५२ ला ५०, १२.१० ला १०० अशा नोंदी. त्या पानाकडे ते बराच वेळ नुसते बघत राहिले.

मग करायचं काय? मी असं करीन. घरच्या मौजमजेच्या खर्चातून, बाहेरच्या जेवणातून, सिनेमातून वाचवून २०० डॉलर काढा. वर्षभरासाठी एवढेच. एक-दोन सेंटच्या टेबलावर बसा, तिथे बसायची पूर्ण रक्कम २ डॉलर असते. ज्या टेबलावर बसायचं त्याच्या अशा रकमेच्या चाळीस पट पैसे हाताशी असल्याशिवाय वर चढू नका. दोन-पाच सेंटच्या टेबलासाठी २०० लागतात. पैसे त्याखाली आले तर लाज न बाळगता खालच्या टेबलावर उतरा.

आणि शिकायचं म्हणजे नेमकं काय, तेही बघा. तुमच्या हातात बदाम अठ्ठी-सत्ती आहे, टेबलावर सर्वांसाठी उघडलेल्या चार पत्त्यांत दोन बदाम, आणि जिंकायचं तर शेवटचा पत्ता बदामच हवा. पॉटमध्ये ६० सेंट आहेत, समोरचा ३० लावतो. तुम्ही ३० घातलेत तर एकूण १२० होतात, म्हणजे चारात एकदा तरी बदाम आलं पाहिजे. न दिसलेले पत्ते ४६, त्यात बदाम ९. पाचात एकदाही पुरतं येत नाही. पत्ते टाका. तीन पत्तीत ब्लाइंड खेळून, चाल वाढवून समोरच्याला पळवायची सवय असते, ती इथे आधी मोडावी लागते. पोकर शिकताना बहुतेक वेळ पत्ते टाकायलाच शिकायचं असतं. खेळलेले डाव दुसऱ्या दिवशी शांत डोक्याने पुन्हा बघा. दोन तासांपैकी अर्धा तास यालाच द्या. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीशी भिडली तरी पाचात जवळजवळ एकदा हरते. तसं झालं की उठा, संगणक बंद करा.

खेळायचं ते न्यू जर्सीच्या परवान्याच्या साइटवरच. इथे २०१३ पासून हे कायदेशीर आहे. परदेशी, बिनपरवान्याच्या साइटवर जाऊ नका. एप्रिल २०११ मध्ये अमेरिकी सरकारने मोठ्या साइट्सवर कारवाई केली, तेव्हा फुल टिल्ट या साइटच्या इथल्या खेळाडूंचे पैसे अडकले आणि परत मिळायला २०१४ उजाडलं. क्रेडिट कार्डाने पैसे भरू नका. काही बँका त्याला रोख उचल धरून लगेच व्याज लावतात.

भावाला यात आणू नका. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, सगळेच बंद केले आहेत. तो पुण्यातून बिनपैशांचं पोकर खेळू शकतो. तुमच्या खात्यावर त्याला बसवणं साइटच्या नियमांतही बसत नाही.

खातं उघडाल त्या दिवशी, पैसे भरायच्या आधी, त्यात महिन्याची भरणा मर्यादा १६ डॉलर लावा, म्हणजे वर्षाला २०० च्या आत राहाल. ती वाढवावीशी वाटली, किंवा वहीत एखादी रात्र लिहायची टाळलीत, तर १-८००-गॅम्बलर या क्रमांकावर फोन करा. राज्याच्या यादीत स्वतःचं नाव घालून साइट्स स्वतःसाठी बंदही करून घेता येतात.

पत्नीला मात्र आजच सांगा. तुम्ही दोघं एकत्र विवरणपत्र भरत असाल तर जिंकलेला प्रत्येक डॉलर त्यात येणार, आणि त्याखाली त्यांचीही सही असणार. वही दोघांना दिसेल अशा जागी ठेवा.