ज्यू वंशसंहारातून बचावलेल्या लेखकांपैकी आधी कोणाला वाचावे?

ॲन फ्रँकची डायरी वाचून झाल्यावर, नाझी छळछावण्यांतून जिवंत परतलेल्या ज्यू लेखकांपैकी कोणाला आधी वाचावे आणि ते लेखन सोसवेल का, असे आपण विचारले आहे. ॲनची शेवटची नोंद १ ऑगस्ट १९४४ ची आहे. त्यानंतर तीनच दिवसांत तिला अटक झाली. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांना ज्या पुस्तकातून या विषयाची ओळख होते, त्यात छावणी नाहीच.

अनेक जण एली विझेल यांचे 'नाइट' आधी सुचवतात, कारण ते छोटे आहे आणि एका बैठकीत संपते. मी मात्र इटलीतील तुरीनचे रसायनशास्त्रज्ञ प्रीमो लेव्ही यांचे 'इफ धिस इज अ मॅन' आधी घ्या असे सांगेन. फेब्रुवारी १९४४ मध्ये त्यांना ऑशवित्झला नेण्यात आले आणि तेथील मोनोविट्झ या श्रमछावणीत, कृत्रिम रबराच्या कारखान्याच्या उभारणीवर, त्यांना जुंपण्यात आले. शेवटच्या हिवाळ्यात रसायनशास्त्राच्या ज्ञानामुळे त्यांना प्रयोगशाळेत काम मिळाले. पुढे जानेवारी १९४५ मध्ये रक्षकांनी बाकीच्या कैद्यांना बर्फातून पायी हाकलत नेले, तेव्हा आजारी असल्यामुळे ते मागे राहिले आणि बचावले. पुस्तक १९४७ साली एका लहान प्रकाशकाने काढले, कारण मोठ्या प्रकाशकाने ते नाकारले होते. आधी नाकारणाऱ्या त्या मोठ्या प्रकाशकानेच १९५८ मध्ये ते पुन्हा छापले, आणि मग ते जगभर गेले.

लेव्ही गळा काढत नाहीत. छावणी कशी चालते, पावाच्या तुकड्याला कोणता भाव येतो, पायात नीट न बसणारा जोडा माणसाला मरणापर्यंत कसा नेतो, हे ते एखाद्या साक्षीदाराने जबानी द्यावी तसे सांगतात. 'द ड्राउन्ड अँड द सेव्ह्ड' या त्यांच्या १९८६ च्या पुस्तकातील चमच्यांचा उल्लेख पाहा. नव्या कैद्याला चमचा मिळत नसे. तो अर्ध्या दिवसाचा पाव देऊन विकत घ्यावा लागे, नाहीतर सूप कुत्र्यासारखे चाटून प्यावे लागे. आणि सुटकेच्या वेळी गोदामात हजारो चमचे तसेच पडलेले सापडले. चमच्यांची टंचाई नव्हती, अपमान हाच हेतू होता, हे त्यानंतर वेगळे सांगावे लागत नाही.

सोसण्याच्या बाबतीत हंगेरीचे इम्रे कर्तेस अधिक अवघड आहेत, असे मला वाटते. त्यांच्या 'फेटलेसनेस' या १९७५ च्या कादंबरीतील किशोरवयीन नायक ऑशवित्झ आणि बुखेनवाल्डमधील प्रत्येक प्रकार पायरीपायरीने समजून घेत 'स्वाभाविक' मानत जातो, आणि परतल्यावर लोकांना त्याच्याकडून भीषणतेची वर्णने हवी असताना त्याला छावणीतील सुखाबद्दलही बोलावेसे वाटते. २००२ चे साहित्याचे नोबेल कर्तेस यांना मिळाले. वाचकाचा संताप होईल अशी ही थंड शैली लेव्हींनंतर वाचल्यास समजते. आधी वाचल्यास पुस्तक मध्येच टाकून द्यावेसे वाटण्याची शक्यता आहे.

विझेल यांनी 'नाइट'मधील हकीकत प्रथम यिडिश या ज्यूंच्या भाषेत लिहिली. ते पुस्तक १९५६ साली ब्युनॉस आयर्समध्ये निघाले, आणि १९५८ चे फ्रेंच रूप त्याहून बरेच आटोपशीर होते. छावणीतील वडील आणि मुलगा यांच्या नात्यासाठी ते जरूर वाचा, पण तिसऱ्या क्रमांकावर. पॉल सेलान यांची जर्मन कविता त्यानंतरच घ्यावी. ज्या भाषेत त्यांच्या आईवडिलांच्या मारेकऱ्यांनी हुकूम दिले, त्याच भाषेत ती लिहिलेली आहे.