मारुतीच्या कुठवर आलं?

प्रश्न : आमच्या सासऱ्यांची (दादा, वय ७१) दाढ सुजली म्हणून डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन ५०० दिलंय, दर आठ तासांनी एक, पाच दिवस. इकडे द्राक्षांची गोडी छाटणी चालू आहे. दादा सकाळी सहालाच बागेत जातात आणि दुपारची गोळी हटकून राहते. मग म्हणतात, "रात्री दोन घेतो, हिशोब बरोबर!" मला मागे घशासाठी अझिथ्रोमायसिन दिलं होतं. ते दिवसातून एकदाच, तेही तीनच दिवस. मग यांनाच तीनदा का? गोळी अंगात टिकते तरी किती वेळ?
एक वाचक, दिंडोरी तालुका

उत्तर : ताई, "हिशोब बरोबर" हे मी रविवार कारंज्याजवळच्या औषधाच्या दुकानात काउंटरमागे बसून एकतीस वर्षं ऐकतोय. दादांचा हिशोब उधारीच्या वहीला लागू पडतो, गोळीला नाही.

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण नाशिककर क्युसेक विचारत नाही, गोदावरीच्या पात्रातल्या मूर्तीवरून "दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं?" एवढंच विचारतो. गोळीचंही तसंच धरा. घेतल्यावर तास-दोन तासांत रक्तातलं औषध सगळ्यात वर चढतं आणि मग ओसरायला लागतं. जंतूंची वाढ रोखायला ते एका रेषेच्या वर असावं लागतं. ती रेषा म्हणजे मारुतीची कंबर समजा.

अमॉक्सिसिलिन फार लवकर ओसरतं. साधारण दर तासाला निम्मं होतं. मूत्रपिंडं ते भराभर बाहेर टाकतात, निम्म्याहून जास्त तर जसंच्या तसं लघवीतून जातं. पेनिसिलिनच्या या घराण्याची खोडच ती. १९४१ मध्ये ऑक्सफर्डला एका पोलिसाला पेनिसिलिन देत होते, तेव्हा साठा इतका तुटपुंजा होता की त्याच्याच लघवीतून औषध काढून पुन्हा त्यालाच टोचलं. शेवटी साठा संपला आणि सुधारत आलेला तो माणूस गेला.

आता दादांच्या दोन गोळ्या. दोन घेतल्या की पाणी कमरेऐवजी छातीपर्यंत चढेल, कबूल. पण तासाभरात निम्मं होणार ना? म्हणजे दुप्पट घेऊन कमाई किती, तर साधारण एक तास जास्त! सोळा तासांची बेगमी होत नाही. पोट बिघडायची शक्यता मात्र वाढते. या औषधाला उंचीपेक्षा वेळ लागतो. दोन गोळ्यांमधला निदान निम्मा वेळ तरी पाणी रेषेवर हवं, म्हणून आठ-आठ तास. (वयामुळे मूत्रपिंडं मंदावली असतील तर ओसरणंही मंदावतं. दादांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम कळायची रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.)

तुमच्या अझिथ्रोमायसिनची तऱ्हा निराळी. ते रक्तात फार रेंगाळत नाही, पेशींमध्ये शिरून बसतं आणि तिथून सावकाश सुटतं. निम्मं व्हायला त्याला अडीच-पावणेतीन दिवस लागतात. तुमचा कोर्स तीन दिवसांत संपला, पण औषध पुढे काही दिवस आत काम करत होतं. एकदावाली गोळी जोरदार आणि तीनदावाली लेचीपेची, असं काही नसतं.

वेळा अशा लावा : सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. रात्री उठायला नको. दुपारची गोळी भाकरीच्या डब्यातच ठेवा, जेवणासोबत चालते. फक्त छाटणीनंतरच्या पेस्टिंगचे (काडीला लावायच्या रसायनाचे) हात असतील तर गोळीला हात लावण्याआधी साबणाने धुवायला सांगा. गोळी पट्टीतच राहू द्या, सुटी करून खिशात नको. दोनची राहिली आणि चारला आठवली, तर चारला घ्यायची. रात्री नऊला आठवली तर ती सोडून द्यायची आणि दहाची एकच घ्यायची.

आणि ताई, गोळीने सूज उतरेल, दाढ बरी होणार नाही. कीड आतच असते. दुखायचं थांबलं की दादा म्हणतील, "छाटणी उरकू दे, मग बघू." दंतवैद्याची वेळ आजच घेऊन ठेवा.