सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर दुर्बीण स्थिर ठेवायला ट्रायपॉडऐवजी ट्रेकिंगच्या काठ्या चालतील का?

चालतील, पण बसून बघणार असाल तरच. ही युक्ती मूळची परदेशातल्या शिकाऱ्यांची. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, पण काळवीट आणि लांडगे नुसते बघायलाही ती तितकीच कामाची आहे.

मी असं करतो: सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद गोल पट्टी कापायची. दोन्ही काठ्या वरून वीतभर खाली एकमेकींवर फुली करून त्या पट्टीत अडकवायच्या. वर जो बेचका होतो, त्यात रुमालाची घडी आणि तिच्यावर दुर्बीण. मांडी न घालता गुडघे उभे ठेवून बसा आणि कोपरं गुडघ्यांवर टेकवा. तिसरा पाय म्हणजे तुमचं शरीर. १०×४२ची (दहा पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण अशी टेकवली की काळविटाच्या शिंगाचे पीळसुद्धा मोजता येतात. नुसत्या हातात धरून ते जमत नाही.

काठ्या बाहेरून खटक्याने बंद होणाऱ्या घ्या. पिळून आवळायच्या काठ्या वजन आलं की हळूहळू खाली सरकू शकतात, आणि ऐन वेळी याचा फार वैताग येतो. मुरमाड जमिनीवर टोकाचं रबर काढून ठेवा, आतलं धातूचं टोक चांगलं रुततं.

स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण) ४०-६० पटीवर वापरायचा असेल तर मात्र खरा ट्रायपॉडच न्या. माळावरच्या वाऱ्यात काठ्या थरथरतात. आणि सोलापूरच्या उन्हात दहानंतर जमिनीवरची हवाच लहरायला लागते, म्हणून उजाडतानाच पोहोचा.